संदेशचे बाबा, टाकी भरली

हैदराबादच्या कुकटपल्लीत आम्ही राहायचो तेव्हा डोक्यावर जिम होती, पायाखाली बिर्याणीचं हॉटेल होतं आणि भिंतीपलीकडे ड्रम शिकणारा एक तरुण होता. तो शेवटपर्यंत शिकतच होता. एके दिवशी मी अरविंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, स्पष्ट सांगितलं, "एक तर घर बदल, नाही तर बायको." त्याने आठवडाभर विचार केला आणि विद्यानगरातलं हे घर शोधून काढलं. आठवडा कशाला लागला, हे मी अजून विचारलेलं नाही.

आमची गल्ली विद्यापीठाच्या मागच्या अंगाला आहे. बसकी घरं, दारात कढीपत्ता, गच्चीवर पाण्याची काळी टाकी, आणि शांतता. मी मूळची पुण्याची. मला दुपारची झोप लागते आणि ती मिळाली नाही तर चहा होईपर्यंत माझ्याशी कुणी बोलू नये. इथे पहिल्या दुपारी आडवी झाले आणि मला आमच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. तोच पंखा कुकटपल्लीत कित्येक वर्षं डोक्यावर फिरत होता, पण त्याला आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मला आनंदाने रडू आलं.

शांत गल्लीची एक मेख असते, ती मला महिन्याभरात कळली. इथे सगळ्यांना सगळं ऐकू येतं, आणि ऐकू आलंच नाही असं वागावं लागतं. समोरच्या हिम्मतरावांचं आणि रेणूकाकूंचं रात्री वाजलं, तर सकाळी रेणूकाकूंना न विचारता सांगायचं, "आम्ही काल फार लवकर झोपलो हो." त्याही म्हणतात, "हो का? आम्हीसुद्धा." आणि भांडण ज्या भरल्या वांग्यांवरून झालं त्या वांग्यांचा विषय कुणी चुकूनही काढायचा नाही. गल्ली अशी सभ्य आहे.

मी मात्र पहिल्याच दिवशी तोंडघशी पडले. अरविंद भाजीला निघाला होता आणि पिशवी घरीच विसरला होता. मी फाटकातून ओरडले, "अरविंद! ए अरविंद! पिशवी कोण नेणार?"

शेजारच्या घरातून पद्मावतीकाकू बाहेर आल्या. ठसठशीत कुंकू, हातात अर्धवट निवडलेली मेथी. कौतुकाने म्हणाल्या, "गोड आहे गं आवाज. मुलगा कितवीला आहे?"

"मुलगा नाही काकू. नवरा आहे."

मेथी खाली पडली. त्यांनी पदर तोंडाला लावला. "नवरा? आणि नावानं? अगं बाई, त्यांचं आयुष्य कमी होतं ना गं अशानं!"

तेवढ्यात अरविंद पिशवी न्यायला परत आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, आयुष्य कमी होत चाललेला. काकूंनी त्याच्याकडे इतक्या कळवळून बघितलं की मलाच अपराधी वाटायला लागलं. त्या दिवसापासून गल्लीत असेपर्यंत मी त्याला 'अहो' म्हणायला लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मग त्याला ते आवडायला लागलं. चालताना तो जरा ताठ चालू लागला.

पद्मावतीकाकूंचे यजमान नामदेवराव. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात नांदेडकडची शेती भावांच्या हवाली करून हैदराबादेत आले. नामदेवरावांनी सारा जन्म सुलतान बाजारात कापडाचं दुकान चालवलं आणि ते बंद केल्यापासून त्यांना बोलायला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मग मी मिळाले. संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून ते बोलायचे आणि मी झाडांना पाणी घालता घालता ऐकायची. त्यांचा मुलगा संदेश कुकटपल्लीत बायकोमुलांसह राहतो. कुणी तरी कुकटपल्लीत सुखाने राहतं याचं मला नवल वाटायचं, पण ते असो.

"अलकाताई, एक गंमत सांगू?" एकदा ते म्हणाले. "मागं मला छातीत दुखाया लागलं. दवाखान्यात नेलं. काउंटरवरची पोरगी हिला विचारायली, पेशंटचं नाव काय? ही गप. पोरगी पुन्हा विचारायली. ही म्हणती, संदेशचे बाबा. त्या पोरीनं तसंच लिहून घेतलं. थोड्या वेळानं माइकवर पुकारा, संदेश बाबा! संदेश बाबा! मी चाकाच्या खुर्चीवर बसून आत निघालो तर दोघीतिघी बाया उठून पाया पडल्या. एकीनं तर लेकराला पुढं केलं. छातीत दुखतंय आणि मी आशीर्वाद द्यायलोय!"

मी हसून हसून नळी सोडून दिली. तेही हसले. मग हसता हसता थांबले.

"लग्नात सगळे मागं लागले होते, नाव घ्या, नाव घ्या. ही रडायली. हिची आई म्हणली, राहू द्या, उद्या घेईल. ते उद्या अजून उगवायचंय." त्यांनी भिंतीवरचं एक पान उचलून फेकलं. "दवाखान्यात पडल्या पडल्या दुसरं काही नाही वाटलं, अलकाताई. दुकान झालं, पोरगं झालं, नातू झाला. फक्त हिच्या तोंडून एकदा नाव ऐकायचं राहिलं. नामदेवराव. बस, एकदा. मग काय व्हायचं ते होऊ दे."

मला भरून आलं. मी कढीपत्त्याला पुन्हा पाणी घातलं.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या अंगणात जमिनीखाली एक टाकी आहे. नळाचं पाणी तिच्यात पडतं आणि मोटार लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मोटार लावायचं काम सगळ्या घरांत पुरुषांकडे आहे आणि ती बंद करायचं विसरण्याचंही. त्यात नामदेवराव पहिले. ते मोटार लावून माझ्याशी बोलायला यायचे, तिकडे टाकी भरून वाहायची आणि ते पाणी बरोब्बर आमच्या फाटकापुढे जमायचं. माझी रांगोळी रोज हिम्मतरावांच्या दाराशी जाऊन पोचायची. आपोआप बंद होणारं यंत्र हिम्मतरावांनी एकदा बसवलं होतं, तर त्याने मोटारच जाळली. तेव्हापासून त्या यंत्राचं नाव गल्लीत काढायचं नाही.

शेवटी कॉलनीच्या संघटनेचे अध्यक्ष सत्यनारायण गारू, म्हणजे तेलुगूतले सत्यनारायणराव, स्वतः आले. त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक घराने टाकी भरल्याचा अलार्म बसवायचा. अरविंद सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीतून अलार्म घेऊन आला. त्यात आपल्याला हवा तो आवाज भरता यायचा. टाकी काठोकाठ भरली की डबीतून तो आवाज यायचा आणि मोटार बंद होईपर्यंत येतच राहायचा.

"घरातल्या बाईचा आवाज भरा," अरविंद सगळ्यांना म्हणाला. "तो ऐकला की माणूस उठतोच."

त्याचं म्हणणं फारच खरं ठरलं.

पद्मावतीकाकूंनी भरलं, "अहो, ऐकलं का? टाकी भरली. मोटार बंद करा." रेणूकाकूंनी भरलं, "अहो, टाकी भरली बरं का." आणि मी, काकूंच्या धाकाने, पुणेरी ताठा सोडून भरलं, "अहो, मोटार." डबी चायनाची असावी, कारण तिच्यातून आम्हा तिघींचाही आवाज नाक धरून बोलल्यासारखा एकच यायचा.

त्या मंगळवारी दुपारी मी नुकती डोळे मिटून पडले होते. काकूंची टाकी भरली. "अहो, ऐकलं का? टाकी भरली." नामदेवराव उठले आणि त्यांनी मोटार बंद केली. इथवर ठीक होतं. पण त्याच क्षणी आमच्याकडे अरविंद कंपनीच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता उठला, धावत गेला आणि मोटारीचा खटका दाबून आला. आमची मोटार बंद होती. ती सुरू झाली. समोर हिम्मतराव झोपेतून उठले, त्यांनीही खटका दाबला, त्यांचीही सुरू झाली. खटका वर आहे की खाली, हे बघतो कोण? 'अहो' ऐकल्यावर नवरा आधी हुकूम पाळतो आणि चष्मा नंतर शोधतो.

थोड्या वेळाने आमची टाकी भरली. "अहो, मोटार!" नामदेवराव उठले आणि त्यांनी मघाशी बंद केलेली मोटार सुरू केली. हिम्मतरावांनी त्यांची बंद केली, तीही चुकूनच. अरविंदने आमची बंद केली आणि तो घाम पुसत मीटिंगला परत गेला. पुढे नामदेवरावांची टाकी भरली. "अहो, ऐकलं का?" पुन्हा तिघे धावले. आमची सुरू, हिम्मतरावांची सुरू. गल्लीत तीन टाक्या आळीपाळीने वाहत होत्या आणि तीन गृहस्थ आपापल्या घरात खटक्यापाशी जाऊन येऊन दमले होते. बाहेर येऊन कुणी विचारेना, कारण ऐकू आलं नाही असं वागायचं ना! गल्लीची सभ्यता.

शेवटी मीच बाहेर आले. झोप मोडलेली, केस विस्कटलेले, फाटकाशी घोटाभर पाणी. "अरविंद!" मी किंचाळले. आयुष्य गेलं उडत. "सव्वीस वर्षं झाली लग्नाला आणि तुला माझा आवाज ओळखू येत नाही?"

"आवाज कोण ऐकतंय?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "'अहो' म्हटलं की पायच उठतात."

सत्यनारायण गारू लुंगी सावरत पाण्यातून आले. त्यांचेही डोळे झोपेने सुजलेले. "क्या मॅडम, ये क्या हो रा? मैं बी तीन बार उठा."

"तुम्ही? तुम्हाला मराठी कुठे येते?"

"मराठी नक्को," ते म्हणाले. "हमारे घर में 'एमंडी' बोलते. जबान अलग है, मगर टोन वोईच है."

तिथेच पाण्यात उभ्याने बैठक झाली. ठरलं ते असं, की रविवारपर्यंत प्रत्येक अलार्ममध्ये ज्या माणसाला उठवायचं त्याच्या नावाची हाक भरायची, म्हणजे दुसरं कुणी धावायला नको. "नाम लगाओ, नाम!" असं बजावून सत्यनारायण गारू गेले.

मी नामदेवरावांकडे पाहिलं. त्यांची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती आणि चेहरा मात्र असा फुलला होता की मला मागचं सगळं एकदम आठवलं. लग्नापासून जे लांबलं होतं ते रविवारी गल्लीच्या हुकमाने होणार होतं.

रविवारी सकाळी अरविंद पाने-पेचकस घेऊन घरोघर निघाला. मी सोबत होते, कारण मला राहवत नव्हतं. आमच्या डबीत मी एका दमात भरलं, "अरविंद, मोटार!" पद्मावतीकाकू ऐकत असतील तर असू देत. समोर रेणूकाकूंनी नुसतं नाव घ्यायला नकार दिला. त्या म्हणाल्या, घेईन तर रीतसर घेईन. मग त्यांनी पदर खोचला आणि डबीत उखाणा भरला:

"गच्चीवर टाकी, टाकीत पाणी,
हिम्मतराव, बटण दाबा, सांगते तुमची राणी."

हिम्मतराव आत जाऊन बसले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीत दिसले नाहीत.

नामदेवराव पायरीवर बसले होते. दाढी केलेली, केसांना तेल, आणि दुकानाच्या वेळचा ठेवणीतला पांढरा शर्ट. मला म्हणाले, "उगंच घातला. कपाटात पिवळा पडायलाय." पद्मावतीकाकूंनी डबी घेतली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. दार लावून घेतलं. आम्ही बाहेर उभे. आतून काही ऐकू येईना. इतकी शांत गल्ली, आणि नेमकं तेव्हा काही ऐकू येईना! बऱ्याच वेळाने दार उघडलं. काकूंचं नाक लाल झालं होतं. त्यांनी डबी अरविंदच्या हातात दिली आणि कुणाकडे न बघता आत गेल्या.

नामदेवरावांनी लगेच मोटार लावली. टाकी अर्धी भरलेलीच होती. ते पायरीवर बसून राहिले, हात मांडीवर, कान वर. मी भिंतीशी झाडाची पानं पुसत होते. अरविंद पेचकस शोधायच्या निमित्ताने घुटमळत होता. टाकी भरली.

"संदेशचे बाबा, टाकी भरली. मोटार बंद करा."

नामदेवराव उठले, मोटार बंद केली आणि पायऱ्या चढून आत गेले. दुपारी त्यांनी शर्ट बदलला. संध्याकाळी भिंतीशी आलेच नाहीत.

मला संताप आला. मी वाटीभर चटणी द्यायच्या निमित्ताने काकूंच्या स्वयंपाकघरात शिरले. "काकू, एवढं काय हो नाव घ्यायला? माणूस लग्नापासून वाट बघतोय!"

काकू कणीक मळत होत्या, त्या मळतच राहिल्या. "तुला काय वाटतं, मला कळत नाही? रोज कळतं. पण दवाखान्यातून एकदा परत दिलाय गं देवानं. आता मी नाव घेऊ आणि काही झालं तर? आणि ते मशीन तर दिवसातून दोनदा म्हणणार. मी एकदा म्हणायचं धाडस करीना, आणि मशीन दिवाळीपर्यंत त्यांचं आयुष्य संपवून टाकेल." त्यांचे डोळे भरले होते. कणकेचा हात लावू नये म्हणून त्यांनी खांद्याने डोळे पुसले.

मी चटणी ठेवून निमूट परत आले. भांडायला गेले होते आणि आता दोघांचंही वाईट वाटत होतं. हे फार वाईट. एकाचीच बाजू घेता आली की माणसाला झोप तरी लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नामदेवरावांनी मोटार लावली आणि ते पेपर घेऊन पायरीवर बसले. टाकी भरली. "संदेशचे बाबा, टाकी भरली. मोटार बंद करा." त्यांनी पान उलटलं. पाणी पन्हाळीतून पडायला लागलं. "संदेशचे बाबा, टाकी भरली." त्यांनी दुसरं पान उलटलं.

मी बाहेर आले. "काका, टाकी."

"ऐकलं. संदेशच्या बाबाला बोलावायलेत. ते बाहेर गेले."

"काका!"

"मी नामदेवराव आहे, अलकाताई. मला कुणी बोलावलं नाही." आणि त्यांनी पेपर नाकाशी धरला. तो उलटा होता.

पाणी आमच्या फाटकाशी आलं. माझी रांगोळी, ताजी, मोरांची, हिम्मतरावांकडे निघाली. हिम्मतराव कालपासून पहिल्यांदा बाहेर आले. रेणूकाकू आल्या, अरविंद आला. सत्यनारायण गारूंची स्कूटर पाण्यात उभी होती, त्यामुळे तेही आले. डबी बोलतच होती. "संदेशचे बाबा, टाकी भरली." मीटर पळत होतं. पद्मावतीकाकू आतून दाराच्या फटीतून बघत होत्या. मोटारीच्या खटक्याला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही, त्यांना शॉकची भीती.

माझा संयम सुटला. मी सरळ त्यांच्या ओट्यावर चढले आणि खटक्याकडे हात नेला.

"ताई," नामदेवराव हळूच म्हणाले, "हात लावू नका. पाया पडतो."

माझी झोप गेली होती, रांगोळी गेली होती, पायजमा पोटऱ्यांपर्यंत भिजला होता. खटका माझ्या बोटापासून वीतभर होता. मी हात खाली घेतला आणि मागे फिरून दाराकडे तोंड करून उभी राहिले. मग बाकीचे सगळेही तसेच उभे राहिले. पाण्याचा आवाज आणि डबीचा आवाज, बाकी गल्ली गप्प.

दार उघडलं. पद्मावतीकाकू बाहेर आल्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, नवऱ्याकडे पाठ केली आणि तुळशीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हात जोडले. ओठ हलले, आवाज फुटेना. मग एकदम डोळे गच्च मिटून, दुकानात कापड फाडावं तसा त्यांनी आवाज काढला:

"टाकीवरून वाहते विद्यानगरात गंगा,
नामदेवराव, मोटार बंद करा, पुरे झाला दंगा!"

नामदेवरावांच्या हातातून पेपर गळून पाण्यात पडला. ते हललेच नाहीत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तोंड उघडं राहिलं, आणि ते तसेच बसून राहिले.

काकूंनी वळून पाहिलं आणि त्यांची किंकाळी निघाली. "बघा! म्हणलं होतं ना मी! अलका, बघ गं काय झालं! अहो! अहो, बोला ना!" त्यांनी धावत जाऊन नवऱ्याचं मनगट धरलं, छातीला कान लावला. "अहो, दुखतंय का? कुठं दुखतंय?"

"काही नाही दुखत," नामदेवराव म्हणाले. "बरं वाटायलंय. पुन्हा म्हण."

काकूंनी त्यांचं मनगट झिडकारलं. त्या रडतही होत्या आणि भयंकर चिडल्याही होत्या. "नामदेवराव! नामदेवराव! नामदेवराव! आता झालं समाधान? मरायला निघालेत गल्लीत बसून!"

"हौ," ते म्हणाले. "झालं."

रेणूकाकू हुंदके देत होत्या. हिम्मतराव त्यांच्या पाठीवर थोपटत होते, जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला तर दिसतच नव्हतं धड. सत्यनारायण गारूंना उखाण्यातला एकही शब्द कळला नव्हता, तरी त्यांनी लुंगीच्या टोकाने डोळे टिपले आणि मग स्कूटरकडे पाहून ओरडले, "अरे, मोटर तो बंद करो बाबा!"

नामदेवराव उठले आणि त्यांनी मोटार बंद केली. गल्ली सुकायला संध्याकाळ झाली.

डबीत मात्र काकूंनी काही बदलू दिलं नाही. त्यांचं म्हणणं, मशीनने नाव घेतलेलं मोजायचं कसं आणि भरपाई कुणी करायची? तिच्यात अजून 'संदेशचे बाबा'च आहे. ते ऐकलं की नामदेवराव लगेच उठतात, आणि माझी रांगोळी आता माझ्याच दाराशी राहते. काकूंनी त्या दिवसापासून सोमवारचा उपास धरलाय, खबरदारी म्हणून.

परवा दुपारी मी आडवी झाले होते. पंखा आवाज करत होता. शेजारी मोटार बंद झाली आणि सगळं निवांत झालं. मग भिंतीपलीकडून, डबीतून नव्हे, अगदी हलक्या आवाजात काकू म्हणाल्या, "नामदेवराव, चहा ठेवू का?"

उत्तर आलं नाही.

"नामदेवराव?"

तरी उत्तर नाही. माणूस घरातच होता, मला त्यांची खुर्ची करकरलेली ऐकू आली होती.

"नामदेवराव!"

"हौ, ठेव," ते म्हणाले.

पलीकडच्या खोलीतून अरविंदने दारातून डोकं काढलं. मीटिंगचा हेडफोन त्याने गळ्यात ओढला होता. "ऐकलंस?"

"नाही," मी म्हटलं आणि कूस बदलली.

"मी पण नाही," अरविंद म्हणाला आणि दार लोटून घेतलं.